कॅमेऱ्यावरचा रुमाल

आठ-दहा माणसं रोज एकाच ट्रेमधला चहा प्यायला लागली की किस्से साठायला वेळ लागत नाही. सिंकमध्ये उष्टे कप साठावेत तसे साठतात. कप निदान मी रोज विसळते. किस्से कुणी विसळत नाही. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असो की कुणाची निरोपाची पार्टी, तेच ते पुन्हा निघतात आणि कुणीतरी म्हणतंच, "मावशी, तुम्ही सांगा. तुम्ही रंगवून सांगता."

मी सांगते. लोक हसतात. मीही हसते. मग वारज्याच्या बसमध्ये बसले की माझे कान तापतात. कारण ह्यातल्या बऱ्याच किश्शांत हसं दुसऱ्याचं झालंय आणि चूक माझी आहे. आज न रंगवता लिहिते. शाळा चौथीपर्यंतची, तेवढ्यात जेवढं बसेल तेवढं.

* * *

ऑफिस कर्वेनगरात. जुन्या सोसायटीतले पहिल्या मजल्यावरचे दोन फ्लॅट, मधली भिंत पाडून एक केलेले. झाडणं, पुसणं, चहा करणं आणि सगळ्यांवर ओरडणं ही माझी कामं. शेवटचं कुणी सांगितलं नव्हतं, ते मी आपणहून घेतलं.

पहिल्या दिवशी सरांनी मला आतली खोली दाखवली. सर म्हणजे कंपनीचे मालक. परदेशातली नोकरी सोडून आलेला, मऊ बोलणारा माणूस. टेबलावर मासे ठेवतात तशी काचेची पेटी होती आणि तिच्यात काडेपेटीएवढा एक कॅमेरा. सर म्हणाले, "मावशी, इथं आपला शत्रू एकच. धूळ."

मी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या चपला दाराबाहेर.

महिन्याभरात सर एका परदेशी पाहुण्याला घेऊन आले आणि बोलण्याच्या नादात दोघेही बुटांसकट आत शिरले. मी झाडू आडवा धरला. "बूट बाहेर."

"अहो मावशी, हे पाहुणे आहेत."

"पाहुण्यांच्या बुटाला धूळ नसते का?"

पाहुण्याला मराठी येत नव्हतं, पण झाडू कळला. बिचाऱ्यानं बूट काढले. उजव्या मोज्याला अंगठ्यापाशी हे एवढं भोक. दोन तास तो भला माणूस डावा पाय उजव्यावर दाबून बसला होता. मी तीनदा चहा घेऊन गेले, तिन्ही वेळा त्यानं पाय आणखी आत ओढला.

तो गेल्यावर सर म्हणाले, "मावशी, धूळ काही आली नाही. पण आता पाहुणेही येतील असं वाटत नाही."

* * *

त्या कॅमेऱ्याला सेल नव्हता. वायरही नव्हती. पुसताना मी चारी बाजूंनी बघितलं. मग निखिलला विचारलं. निखिल हा ऑफिसातला सगळ्यात हुशार पोरगा, आणि ते त्याला माहीत होतं.

"अरे, ह्याचा सेल कुठाय?"

"नाहीच आहे."

"मग चालतो कशावर?"

"मावशी, ते तुम्हाला नाही कळायचं. तुम्ही चहा ठेवा."

ठेवला. त्याच्या कपात आठ दिवस आलं घातलं नाही. त्याला ते कळलंसुद्धा नाही, म्हणून आणखी चार दिवस घातलं नाही.

हाच निखिल पाहुण्यांना तासतासभर समजावून सांगायचा. कॅमेऱ्याच्या आत बसणारी, त्यानं बनवलेली पहिली चिप मायक्रोस्कोपखाली दाखवायचा. ह्या लोकांची एक पद्धत आहे. चिप बनवायला पाठवताना तिच्या कोपऱ्यात एखादं बारीकसं चित्र काढून ठेवतात. ते कामाचं नसतं, नुसत्या डोळ्यानं दिसतही नाही. ज्यानं चिप केली त्याची सही समजा. निखिलनं मोदक काढला होता. पाहुणे बघायचे आणि हसायचे. मीही एकदा म्हटलं, "बघू दे की मला."

"मावशी, ओला हात लागेल."

हात कोरडा होता. पण मी पुन्हा विचारलं नाही. मोदकाचंही नाही आणि सेलचंही नाही. दोनदा तेच विचारायला मला कमीपणा वाटतो. हा कमीपणा पुढं केवढ्याला पडला ते आता सांगते.

* * *

दिवाळीत ऑफिसात प्रत्येकानं काहीतरी आणलं. कुणी चकल्या, कुणी आकाशकंदील. मी त्या काचेच्या पेटीसाठी क्रोशाचा रुमाल विणला. पांढरा दोरा, दोन फुलांच्या मध्ये अकरा घरं, मग पुन्हा फूल. माझी आई असाच विणायची, तिनं बारा कधी केली नाहीत आणि दहाही नाहीत. आमच्या घरी मिक्सरवर रुमाल, टीव्हीवर रुमाल, पाण्याच्या फिल्टरवर रुमाल. धूळ हा शत्रू असेल तर तो असाच अडवायचा, दुसरं मला माहीत नाही.

सर म्हणाले, "वा, छान." निखिल म्हणाला, "मावशी, कॅमेऱ्याला टोपरं? आता काजळ-तीट पण लावा." सगळे हसले. दुपारपर्यंत रुमाल ड्रॉवरमध्ये गेला होता.

पण संध्याकाळी सगळे गेल्यावर कुलूप लावायच्या आधी मी रुमाल काढून पेटीवर घातला. सकाळी आठला आले की काढायचा, घडी करून ड्रॉवरमध्ये ठेवायचा. इंजिनियर मंडळी दहाला यायची. रोज घालायचे, रोज काढायचे. त्यांचा कॅमेरा धुळीपासून वाचवायचा आणि त्यांना कळू द्यायचं नाही. मनातल्या मनात मी त्यांच्यावर उपकार करत होते.

* * *

दिवाळीनंतर, जानेवारीत रसिका आली. अकोल्याची, चोवीस-पंचवीस वर्षांची. माझं माहेर वर्ध्याकडचं, त्यामुळे पहिल्याच दिवशी तिनं माझं बोलणं ओळखलं. निखिलची चिप दिवसा कशीबशी चालायची. ट्यूबलाइटच्या उजेडावर रात्रभर चालेल अशी नवी चिप रसिकानं इथं यायच्या आधीच केली होती. ती पेटीत बसवली आणि खोलीतली ट्यूब रात्रभर चालू ठेवायचं ठरलं. सोसायटीतल्या लोकांना ते बघवलं नसतं, म्हणून दारावर पाटी लागली: "हा दिवा मुद्दाम चालू ठेवला आहे. बंद करून उपकार करू नयेत."

मी पाटी वाचली. दिव्याला हात लावला नाही. पेटीवर रुमाल घातला आणि घरी गेले.

सकाळी मंडळींनी कॉम्प्युटर उघडला. कॅमेरा संध्याकाळी तासभर चालला आणि मेला. सकाळी आठनंतर आपोआप जिवंत झाला. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

निखिल म्हणाला, कुणीतरी बाहेरचा मेन स्विच बंद करतंय. संशय गेला सोसायटीच्या सेक्रेटरी काकांवर. रिटायर माणूस, जिन्यातला दिवा दुपारी चालू दिसला तरी नोटीस लावायचे. विचारायला कुणी जाईना. मी गेले. दारात उभं राहून, चार शेजारी ऐकतील अशा आवाजात त्यांना म्हटलं, "शिकलेल्या माणसानं लोकांची वीज तोडावी? पोरं राबतात तिथं. लाज वाटायला पाहिजे."

काकांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "बाई, एकोणीस वर्षं मी सेक्रेटरी आहे. दुसऱ्याच्या घरातला दिवा मी बंद करत नाही. मी फक्त नोटीस लावतो."

हा किस्सा पार्टीत सगळ्यात जास्त चालतो. मी काकांची नक्कलही करते. जिन्यात ते समोरून आले की मात्र मी अजून भिंतीकडे तोंड करून कठडा पुसायला लागते.

* * *

फेब्रुवारीत माझ्या भाच्याचं लग्न होतं. तीन दिवस सुट्टी घेतली. परत आले तर ऑफिसात नुसता आनंद. तिन्ही रात्री कॅमेरा एकदाही न थांबता चालला होता. रसिकानं मला मिठी मारली. लग्नातले लाडू मी सगळ्यांना वाटले.

त्या संध्याकाळी पुन्हा रुमाल. सकाळी पुन्हा तेच.

निखिल म्हणाला, "मावशी, तुम्ही आलात की हा मरतो. तुमची नजर लागते त्याला."

सगळे हसले. त्यात मीच जास्त हसले. अख्ख्या ऑफिसात त्या महिन्यात बोललं गेलेलं ते एकच खरं वाक्य, आणि ते आम्ही सगळ्यांनी मिळून हसण्यावारी नेलं.

* * *

कॅमेरा मरायच्या आधी दर पाच मिनिटांनी फोटो काढायचा. ते शेवटचे फोटो सरांनी मोठ्या स्क्रीनवर लावले. करड्या रंगावर पांढरे ठिपके. बारीक ठिपके ओळीनं, मग एक मोठा, पुन्हा बारीक. मी कप गोळा करत होते. मला ते गिरणीच्या चाळणीसारखं दिसलं. वर बघितलं न बघितलं आणि ट्रे उचलला.

सर म्हणाले, "हा पॅटर्न नॉइज आहे, समोरचं चित्र नाही, चिपच्या आतूनच उमटतोय. रसिका, ही नक्षी तुझ्या चिपमधल्या वायरिंगची आहे."

रसिका म्हणाली, "सर, नक्षी रोज थोडी सरकते. वायरिंग रोज सरकत नाही."

"तापमानानं होत असेल."

"आणि मध्ये अकराच का? माझ्या चिपमध्ये अकरा असं काहीच नाही."

सरांनी पुढचा फोटो लावला. रसिकानं त्या फोटोंचे प्रिंटआउट काढून आपल्या टेबलासमोरच्या भिंतीवर चिकटवले. जेवायच्या सुट्टीत डबा एका हातात, पेन्सिल दुसऱ्या हातात. ठिपके मोजायची, पुसायची, पुन्हा मोजायची. महिना झाला, दोन झाले. तिचं सहा महिन्यांचं कंत्राट जूनमध्ये संपत होतं आणि पुढची नवी चिप बनवायला पाठवायची तारीखही जूनमध्येच होती. रसिकाची वायरिंग निर्दोष ठरली तर नवी चिप तिची आणि नोकरी पक्की. नाही तर निखिलची जुनी वायरिंग जाणार आणि रसिका अकोल्याला. हे सगळ्यांना माहीत होतं. मलाही.

मी तिला म्हणायचे, "पोरी, जेव आधी. त्या भिंतीकडं बघून पोट भरत नाही."

* * *

जूनच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी खोलीत आम्ही दोघीच होतो. मी पेटी पुसत होते. रसिका आपणच म्हणाली, "मावशी, ह्याला सेल का नाही, माहितीय?"

मी म्हटलं, "मला नाही कळायचं ते."

"कळायला काय आहे त्यात? ह्याच्या आत बारीक बारीक घरं आहेत. त्याच घरांनी हा बघतो आणि त्याच घरांवर पडलेल्या उजेडातून वीज करतो. ज्या डोळ्यानं बघायचं, त्याच डोळ्यानं जेवायचं. उजेड हेच ह्याचं अन्न."

"रात्री?"

"ट्यूब आहे ना. ह्याची भूक फार नाही. पोटात तासाभराचं साठवलेलंही असतं."

माझा हात पेटीवरच राहिला. मी विचारलं, "आणि कुणी झाकलं तर?"

"तासाभरात उपाशी मरेल. का हो?"

"काही नाही. असंच."

मी फडकं पिळायला आत गेले. फडकं कोरडं होतं.

परत येताना तिच्या भिंतीवरचे कागद दिसले. रोज त्यांच्यावरची धूळ मीच झटकत होते. मोठा ठिपका, मग बारीक अकरा, मग मोठा ठिपका. आईच्या हातचं विणकाम मी दोन महिने झटकत होते आणि मला ते ओळखू आलं नव्हतं.

* * *

त्या संध्याकाळी मी रुमाल घातला नाही. पिशवीत टाकून घरी नेला आणि पिठाच्या डब्यामागं ठेवला.

सकाळी ऑफिसात पेढे. कॅमेरा रात्रभर चालला होता. आदल्याच दिवशी निखिलनं कॉम्प्युटरवर कसलंसं सेटिंग बदललं होतं, त्यामुळे सगळ्यांना वाटलं, ही त्याचीच करामत. निखिललाही तसंच वाटलं, त्यात त्याचा काय दोष? सर म्हणाले, "म्हणजे निखिलच्या आधाराशिवाय ही वायरिंग उभी राहत नाही. नव्या चिपला जुनीच वायरिंग जाऊ दे."

पेढ्यांचं ताट माझ्या हातात होतं. रसिकासमोर धरलं. तिनं अर्धा पेढा तोडून घेतला आणि म्हणाली, "अभिनंदन, निखिल." मग सरांना म्हणाली, "पण नक्षी सरकत का होती?"

"रसिका, आता सोड ते."

तोंड उघडायला तीच वेळ होती. सेक्रेटरीच्या दारात चार माणसांत आवाज चढवणारी मी, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. नोकरीची भीती नव्हती. वारज्यात चार घरची कामं कधीही मिळतात. भीती हसण्याची होती. "मावशीचं टोपरं" हा किस्सा होईल आणि प्रत्येक पार्टीत सांगितला जाईल, ह्याची. मी उरलेला अर्धा पेढा उचलून डब्यात टाकला.

नऊ दिवस गप्प बसले. ह्या नऊ दिवसांत मी कुणावरही ओरडले नाही. निखिल बूट घालून आत फिरत होता. सरांनी विचारलं, "मावशी, बरं नाही का?"

* * *

नव्या चिपच्या आराखड्याची फाइल पाठवायचा दिवस आला. पाचला जायची होती. चारला मोठ्या टेबलाभोवती सगळे जमले. बोलायचं ठरवून मी दोनदा दारापर्यंत गेले आणि दोनदा परत आले. शेवटी घरून परत आणलेला रुमाल पिशवीतून काढला, ट्रेवर अंथरला, त्यावर कप ठेवले आणि ट्रे टेबलावर ठेवून भिंतीला टेकून उभी राहिले.

सरांनी कप घेतला. निखिलनं कप घेतला, खाली काय आहे ते बघितलंही नाही. रसिकानं कप उचलला आणि तिचा हात तिथंच थांबला.

तिनं कप परत ठेवला. एकेक करून बाकीचे कप टेबलावर काढले. रुमाल उचलला, ट्यूबलाइटसमोर धरला. पेन्सिलीच्या टोकानं मोजायला लागली. मोजून झाल्यावर उठली, पेटीपाशी गेली आणि रुमाल पेटीवर घातला.

"रसिका, काय चाललंय?" सर म्हणाले.

"पाच मिनिटं थांबा, सर. फोटो येऊ दे."

पाच मिनिटं कुणी चहा प्यालं नाही. मग स्क्रीनवर फोटो आला. करड्यावर पांढरे ठिपके. बारीक अकरा, मोठा एक.

निखिल हळूच म्हणाला, "हे दिवाळीतलं..."

सरांनी माझ्याकडं बघितलं. "मावशी, रोज?"

"रोज. भाच्याच्या लग्नाचे तीन दिवस सोडून. मला नऊ दिवसांपूर्वी कळलं होतं. मी सांगितलं नाही."

कुणीही हसलं नाही. नऊ दिवस मी ज्या हसण्याला भ्याले होते, ते आलंच नाही. आलं असतं तर बरं झालं असतं.

फाइल त्या दिवशी गेली नाही. सोमवारी गेली ती रसिकाची. कंत्राटाचं काय झालं ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. जुलैत ती रोजच्यासारखी आली, त्यावरून कळलं. रुमाल तिनं घडी करून आपल्या ड्रॉवरमध्ये ठेवला. पेटीवर एक पाटी आली, तिच्या अक्षरात: "कॅमेरा जेवत आहे. झाकू नये." ती पाटी मी रोज सकाळी पुसते.

रसिका माझ्याशी भांडली नाही. एक शब्द वाकडा बोलली नाही. फक्त त्या दिवसापासून ती आपला चहा आपण करून घ्यायला लागली. कप विसळून जागेवर ठेवायची, मला विसळायलाही ठेवायची नाही.

* * *

नवी चिप ऑक्टोबरात आली. बोटाच्या नखाएवढी. मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि सगळे ओळीनं बघायला लागले. सरांनी बघितलं आणि बाजूला झाले. निखिलनं बघितलं, हसायला लागला, मग माझ्याकडं बघितलं आणि हसायचा थांबला.

मी कप गोळा करून आत निघाले होते.

"मावशी," रसिका म्हणाली, "या इकडं."

"हात ओले आहेत माझे."

"डोळ्यानं बघायचंय."

मी हात पदराला पुसले आणि वाकले. आधी नुसताच उजेड दिसला. मग तिनं खालचं चाक थोडं फिरवलं. निखिलचा मोदक जिथं होता त्या कोपऱ्यात सोनेरी रेघांचं एक फूल होतं. त्याच्यापुढं बारीक घरं ओळीनं, आणि पलीकडं दुसरं फूल.

"मोजा," रसिका म्हणाली.

मी मोजली. मग पुन्हा पहिल्यापासून मोजली. मोजून झाल्यावरही मान वर केली नाही.

"किती?"

"अकरा."

तिनं मायक्रोस्कोपचा दिवा बंद केला. मग म्हणाली, "आता चहा ठेवा. माझाही."